गोजाबाईची फुंक

साखरशेत गावाच्या पलीकडचा ओहोळ ओलांडून चढण चढलं की बेहेडपाडा लागतो. कारवीच्या कुडाची दहावीस घरं, मागे डोंगर, पुढे नाचणीची उतरती वावरं. या पाड्यावरच्या कुणालाही त्या काळी विचारलं असतं, की बाबा रे, तुझ्या छातीत पहिला वारा कुणी भरला, तर त्यानं देवाचं नाव घेतलं नसतं. गोजाबाईचं घेतलं असतं.

गोजाबाई सुईण होती. बुटकी, रुंद, मुसळासारख्या हातांची आणि तोंडानं फटकळ. बाळंतिणीच्या नवऱ्यालाच काय, सासऱ्यालाही ती ओट्यावरून हाकलून द्यायची. जव्हारचं संस्थान विलीन झालं, राजाचा अंमल जाऊन सरकारचा आला, हे शाळेच्या मास्तरांनी पाड्यावर येऊन सांगितलं तेव्हा सगळे गंभीर तोंडं करून ऐकत बसले होते. गोजाबाईनं मात्र विचारलं, "मंग आता बायांनी बाळंत व्हायचं तं कोनाचा हुकूम घ्यायचा?" मास्तर बिचारे चहा अर्धा टाकून उठले.

तिची फुंक पंचक्रोशीत गाजलेली. जन्मलेलं पोर रडलं नाही, निळं पडलं, की दुसऱ्या सुइणी काशाची थाळी बडवायच्या. गोजाबाई थाळीबिळी काही बडवत नसे. बोटाला फडकं गुंडाळून ती पोराच्या तोंडातला चिकटा काढायची, त्याच्या एवढ्याशा तोंडावर आपलं तोंड टेकवायची आणि हलकेच फुंकायची. पोर शिंकायचं, वळवळायचं आणि टाहो फोडायचं. पुढे पुढे त्या फुंकेचा मानच झाला. बोंबलतच जन्माला आलेल्या धडधाकट पोरालाही गोजाबाईची फुंक हवीच. दिली नाही तर पोराची आजी रुसायची. गोजाबाईचा वारा लागला म्हणजे पोर दमाचं निघतं, असं लोक म्हणत. आणि खोटं कशाला सांगा, गोजाबाईलाही ते ऐकायला आवडायचं.

ती विडी ओढायची आणि खोकायची. विडी ओढणारं माणूस खोकायचंच, त्यात कुणाला काही वाटत नसे. तिलाही वाटत नव्हतं.

तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा माघ्या आणि सून पारू. पारू मोखाड्याकडची, उंच, काटकुळी, कमी बोलणारी. लग्नानंतर तिला मुलगा झाला. गोजाबाईनं स्वतःच्या हातानं सोडवला, स्वतः फुंक दिली, पाड्याला गूळ वाटला. पोर रांगायला लागायच्या आत त्याला ताप भरला. मान काठीसारखी ताठ झाली, झटके आले, आणि ते गेलं. मग मुलगी झाली. तीही तशीच गेली, तोच ताप, तीच ताठ मान. शेजारच्या रंगूची लेकही त्याच पावसाळ्यात तशीच गेली, आणि खालच्या पाड्यावर आणखी एक.

पोरं सगळीकडेच मरतात, हे पाड्याला माहीत होतं. पण एकाच रीतीनं मरायला लागली की माणसं कारण शोधतात. भिका भगतानं सुपात तांदूळ टाकून पाहिलं. भिका काही लबाड माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. म्हणाला, "खानारं गोजाबायच्या घरातच हाय."

घरात माणसं तीन. माघ्या पुरुष, तो सुटला. गोजाबाई तर पोरं सोडवणारी सुईण, तिच्यावर कोण बोट ठेवणार! राहिली पारू. स्वतःची दोन पोरं गेली तरी छाती पिटून न रडलेली, दुसऱ्यांच्या पोरांकडे टक लावून बघणारी पारू. आधी बायका पाणवठ्यावर तिच्यापासून लांब सरकू लागल्या. मग 'भुताळी' हा शब्द दबक्या आवाजात फिरला. हा शब्द आमच्या डोंगरात नुसता शब्द नसतो. त्याच्यामागून काठ्या येतात.

पाड्याची बैठक भिकाच्या अंगणात, फणसाखाली भरली. माघ्यानं पारूला सोडावं, तिला मोखाड्याच्या वाटेला लावावं, असं चार जाणत्यांचं मत पडलं. माघ्या मनानं वाईट नव्हता, पण चार लोकांपुढे त्याचं तोंड उघडत नसे. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. पारू कुडाला टेकून होती. तिनं सासूकडे पाहिलं. त्या नजरेत ना विनवणी होती ना राग. आता हीसुद्धा मला टाकणार, एवढं मात्र होतं. 

"माझी सून भुताळी नाय," गोजाबाई उठून म्हणाली. "आजारी हाय. बघा तिच्याकडं, अंगावर मांस नाय. तिलाच काय तरी आतून खातंय, नि तेच दुधातून पोरांना गेलं आसंल. मी दाखवून देतो. पुढच्या बाजारापावत तिच्या अंगाला कोनी हात लावल, तं त्याच्या घरच्या बाईनं मला कळा येताना बोलवायचं नाय."

ही धमकी मोठी होती. बैठक उठली.

दाखवून देते म्हणणं सोपं. दाखवणार कसं, तर ते तिला जव्हारच्या नूरबीनं सांगितलं होतं. नूरबी जव्हारच्या दवाखान्यात आया होती. बाजाराच्या दिवशी दोघी दवाखान्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळायच्या आणि आपापल्या बाळंतिणींच्या गोष्टी सांगायच्या. मागच्या बाजाराला नूरबी म्हणाली होती, "अगं गोजा, सरकारची मोटार येनार हाय. आत मशीन हाय म्हनतात. छातीचा फोटो काढते. कापत नाय, टोचत नाय, नि आतलं सगळं दिसतं!"

"आतलं म्हंजी?"

"हाडं, फेफडं, सगळं. खोकल्याचा रोग कुठं बसलाय ते बोटानं दाखवते."

गोजाबाईनं तेव्हा नूरबीची थट्टा केली होती. पण बैठक उठून ती घरी आली ती मनाशी ठरवूनच. भिका सुपात बघतो, ही मोटार छातीत बघते. छातीतलं बघायचं तर छातीतच बघितलेलं बरं.

बाजाराच्या दिवशी ती पारूला आणि माघ्याला घेऊन निघाली. पाड्यावरची पाचसहा माणसंही मागून आली. कुणी बाजाराला म्हणून, कुणी तमाशा बघायला म्हणून. रंगू पण आली. मोटार दवाखान्याच्या आवारात उभी होती, दोन बैलगाड्यांएवढी लांब. शेजारी विजेचं यंत्र धडधडत होतं आणि त्याचा धूर सगळ्यांच्या नाकात जात होता. भोवती माणसांचं कोंडाळं होतं, पण आत जायला कुणी तयार नव्हतं. एक म्हातारा सांगत होता, की फोटोबरोबर रक्तही खेचून घेतात. दुसरा म्हणत होता, हाडं ज्याची दिसली तो वर्षात गेला.

पारूनं मोटारीच्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. 

"मी नाय जात, आत्या."

"मी आधी जातो," गोजाबाई म्हणाली. "मी जिती बाहेर आलो, का तू जा." आणि कोंडाळ्याकडे वळून ती ओरडली, "बघा रे! माझं रक्त खेचलं तं मला उचलून न्यायला दोघं जन लागतील, तयारीत ऱ्हावा!"

लोक हसले. नूरबीनं तिला आत घेतलं, गळ्यातल्या मण्यांच्या माळा, चोळी, सगळं काढायला लावलं आणि एक पांढरा सदरा अडकवला. थंडगार पत्र्याला छाती टेकवून, खांदे पुढे करून उभं केलं. आतून एका माणसाचा आवाज आला, "खोल श्वास घ्या. दम धरा. हलू नका."

आता बघा, 'दम धर' हे गोजाबाईचं रोजचं बोलणं. जन्मभर तिनं कळा देणाऱ्या बायकांना हेच सांगितलं. दम धर गं, आता सोड, आता धर. तिनं ऐटीत श्वास घेतला. आणि धरता धरता तिला खोकल्याची अशी उबळ आली, की पत्रा गदगदला.

"पुन्हा," आवाज म्हणाला.

दुसऱ्या वेळीही तेच झालं. नूरबी तोंडावर पदर धरून हसत होती. तिसऱ्या वेळी गोजाबाईनं डोळे घट्ट मिटले, दात आवळले आणि कसाबसा तेवढा क्षण काढला. बाहेर आली तेव्हा ती लालेलाल झाली होती, पण तिनं दोन्ही हात वर करून लोकांना दाखवले. मग पारू आत गेली. पारूनं एका दमात फोटो दिला. मागाहून धीर करून माघ्याही गेला. रंगू पायरीपर्यंत आली आणि परत फिरली.

फोटो धुऊन, वाळवून, बघून व्हायला वेळ लागायचा. पुढच्या बाजाराच्या आधीच शाळेचे मास्तर निरोप घेऊन आले. मोटारीवरच्या डॉक्टरनं गोजाबाईला बोलावलं होतं. पारूला नव्हे.

"अदलाबदल झाली," माघ्या म्हणाला. "दोघीपन एकाच घरच्या. नावात घोळ घातला त्यांनी."

गोजाबाईलाही तसंच वाटलं. तिनं पारूला बरोबर घेतलं, म्हणजे खरी आजारी कोण ते डॉक्टरला तोंडावर दाखवता येईल.

डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा, बोलायला मऊ. त्यानं दोघींना खिडकीशी नेलं आणि एक काळी काच वाटावी अशी प्लेट उजेडासमोर धरली. गोजाबाईनं पहिल्यांदाच माणसाचं आतलं पाहिलं. पांढऱ्या फासळ्या, एकाखाली एक, कुडाच्या कामट्यांसारख्या. मध्ये कलत्या रताळ्याएवढं पांढरं काळीज. आणि दोन्ही बाजूंना नुसता काळोख.

"ही तुमची सून," डॉक्टर म्हणाला. "हे काळं दिसतं ना, ती हवा. फुप्फुसात हवा भरलेली असली, की इथे काळं दिसतं. काळं ते चांगलं. हिची छाती स्वच्छ आहे, तुमच्या मुलाचीही. ही आजारी नाही, पोटाला कमी पडतंय एवढंच."

पारूनं पदर तोंडात कोंबला. गोजाबाईला आनंद व्हायला हवा होता. पण तिला आधी रागच आला. कारण पारू आजारी नसेल, तर पाड्याला काय सांगायचं?

डॉक्टरनं दुसरी प्लेट धरली. "ही तुमची."

उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, काळोखात पांढरं विरजण सांडल्यासारखं पसरलं होतं. त्याच्या मधोमध एक गोल होता, बिळाच्या तोंडासारखा.

"हा क्षय आहे," डॉक्टर म्हणाला. "आणि ही पोकळी. रोगानं फुप्फुस कुरतडून भोक पाडलंय. बरीच वर्षं झाली असतील."

"ती माझी नाय," गोजाबाई म्हणाली. "मला काय झालंय? दोन हंडे पानी चढनीवर आनतो मी! अदलाबदल झालीय साहेब. पुन्ना बघा."

डॉक्टर चिडला नाही. त्यानं प्लेटवर बोट ठेवलं. "हे डावं हाड बघा. गळ्याचं. इथे गाठ आहे. कधीतरी मोडून वाकडं जुळलंय. सुनेच्या फोटोत नाही ते. तुमचं कधी मोडलं होतं?"

 पोरवयात गोजाबाई आंब्यावरून पडली होती. तिच्या आज्यानं पाला बांधून ते हाड बसवलं होतं. तिनं चोळीच्या वरून डाव्या बाजूला हात नेला. बोटाखाली ती गाठ होती, रोजची, विसरलेली. प्लेटवर होती तिथेच. ही छाती तिचीच होती.

 नूरबीनं स्टूल सरकवलं.

"बरा होतो हा आजार आता," डॉक्टर सांगत होता. "सुया आहेत, गोळ्या आहेत. दीड वर्ष घ्यावं लागेल, एकही दिवस न चुकता. थुंकी तपासू. तोवर वेगळं राहायचं, खोकताना तोंडावर फडकं धरायचं. लहान मुलांच्या जवळ मुळीच जायचं नाही. काय काम करता तुम्ही?"

"सुईन हाय मी," ती म्हणाली. आणि सवयीनं, रोजच्या त्याच ताठ्यानं पुढे बोलू लागली, "माझ्या हाताखाली आलेलं पोर सहसा मरत नाय. रडलं नाय तं मी त्याच्या तोंडात फुंक..."

 तिनं पारूकडे पाहिलं. पारूलाही कळलं होतं. डॉक्टरनं चष्मा काढला आणि उगाच पुसला.

"माझ्या नातवंडांना मी दिली," गोजाबाई हळू म्हणाली. "दोघांनाबी. रंगूच्या पोरीला दिली. ते ताप, ती मान... ते ह्याच्यातून झालं?"

"प्रत्येकाचं छातीठोक सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाला. "पण हो. बहुतेक ह्याच्यातूनच. तुम्हाला माहीत नव्हतं."

माहीत नव्हतं, हे खरंच होतं. पण त्यानं गोजाबाईचं काळीज हलकं झालं असेल असं कुणी समजू नये. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि लहान पोरासारखी रडली. पारू तिच्या शेजारी उभी होती. सासूच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला त्या घडीला वाटेना. तिची दोन पोरं गेली होती. कुणी तिला दोष द्यावा?

बऱ्याच वेळानं गोजाबाईनं नाक पुसलं, आत गेली आणि म्हणाली, "साहेब, ती काळी काच मला द्या. पाड्यावर दाखवायचीय."

घरी सगळं ऐकल्यावर माघ्या घाबरून गेला. "आये, दाखवू नको," तो म्हणाला. "खोकल्याच्या सुया घेतो म्हन. कोनाला कळतंय? भिकानं सांगितलं का घरात खानारं हाय, नि तूच जाऊन म्हनशील का ते मी हाय? पारूला सोडून तुला मारतील."

"नि पारूला मारलं तं चालंल?"

माघ्या पुन्हा अंगठ्यानं जमीन उकरू लागला. गोजाबाईच्या मनात त्याचं बोलणं आलंच नव्हतं असं नाही. वाटेवरच्या चढणीवर तिनंही तेच घोळवलं होतं. गप्प बसलं तर मान राहील, घर राहील. फक्त पारू जाईल. पण त्या बैठकीतली सुनेची नजर तिला विसरता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तिनं प्लेट पदराखाली घेतली, तोंडावर फडकं बांधलं आणि भिकाच्या अंगणात जाऊन हाकाटी केली. पाडा जमला. सगळ्यांना तिनं फणसापाशीच थांबवलं, आपण लांब उन्हात उभी राहिली आणि प्लेट सूर्यासमोर धरली.

"ही मी," ती म्हणाली. "ह्या माझ्या फासळ्या. ही आंब्यावरनं पडून मोडलेली गाठ, भिका, तुझ्या बापानं मला झाडाखालनं उचललेलं. नि हे पांढरं, ही कीड. बऱ्याच सालापासून माझ्यात हाय, मला कळली नाय. पारूच्या छातीत काय नाय, डाक्टरनं बघितलंय. भिका, तुझ्या तांदळानं घर बरोबर दाखवलं. मानूस आपन चुकलो. पोरां माझ्या फुंकेनं गेली."

 भिका पुढे आला, डोळ्यावर हात धरून प्लेटकडे बराच वेळ बघत राहिला. बापाकडून ऐकलेली ती गाठ त्यानं ओळखली. मग तो बाजूला झाला आणि मागे उभ्या असलेल्या पारूला त्यानं वाट दिली.

रंगू मात्र बोलली. तिनं मुठीत माती घेतली आणि गोजाबाईच्या अंगावर फेकली. "माझी सोनी!" ती किंचाळली. "तू तिच्या तोंडाला तोंड लावलंस, नि मी तुला लुगडं नेसवलं! ते लुगडं हाय अजून तुझ्या आंगावर!" गोजाबाईच्या अंगावर खरंच तेच लुगडं होतं. तिनं माती झटकली नाही.

"रड," ती म्हणाली. "तुझं खरं हाय. पन बाय, तुझं धाकटं पोर हाय ना घरात? त्याला नि तुला त्या मोटारीत उभं कर. मला शिव्या दे, पन उभं कर."

कुणी तिच्यावर काठी उचलली नाही. पण त्या दिवसापासून कुणी तिला बोलावलंही नाही. वावराच्या कडेला राखणीचं खोपट होतं, तिथे ती राहायला गेली. पारू लांबून भाकर ठेवून जायची. सुयांच्या दिवशी गोजाबाई पहाटे उठून जव्हारची वाट धरायची. सुईनं कानात गुणगुण व्हायची, गोळ्यांनी पोट ढवळायचं, सोडलेल्या विडीची तलफ यायची. ती चिडायची, नूरबीशी भांडायची, डॉक्टरच्या नावानं बोटं मोडायची आणि पुढच्या सुईला वेळेवर हजर व्हायची. पावसात ओहोळाला पूर आला तेव्हा तिनं आपल्या कमरेला दोर बांधून त्याचं टोक धरायला माघ्याला पलीकडे उभं केलं, पण खाडा पाडला नाही.

आणि एक काम तिनं आणखी अंगावर घेतलं. जिथे जिथे तिनं फुंक दिली होती त्या प्रत्येक दारासमोर, लांब बांधावर बसून, ती ओरडायची, "चला मोटारीकडं! पोरांना घेऊन चला!" लोक दार लावून घ्यायचे. ती बसून राहायची. मोटार पुन्हा जव्हारला आली तेव्हा कुणी भीतीनं गेलं, कुणी हिची कटकट थांबावी म्हणून गेलं. पाड्यावरच्याच सकूच्या धाकट्या पोराच्या छातीत गाठी दिसल्या. पोर अजून हसतखेळत होतं, बाहेरून काही कळण्यासारखं नव्हतं. त्याला तेव्हाच औषध सुरू झालं आणि ते वाचलं. मग मात्र न बोलावता माणसं जाऊ लागली.

एका दुपारी रंगू खोपटापासून थोड्या अंतरावर येऊन उभी राहिली. तिच्या हातात स्वतःच्या छातीची प्लेट होती. ती तिनं उन्हासमोर धरली. दोन्ही बाजू काळ्याभोर होत्या. प्लेट दाखवून ती परत गेली. गोजाबाईला तेवढंही पुष्कळ झालं.

पुढच्या भातकापणीच्या सुमारास पारूचे दिवस भरत आले. ती एकदाही सासूशी त्या पोरांबद्दल बोलली नव्हती, पण दिवस राहिल्याचं तिनं आधी खोपटाशी येऊन सासूलाच सांगितलं होतं. बाळंतपण जव्हारच्या दवाखान्यात करायचं ठरलं. माघ्यानं डोलीची काठीसुद्धा तोडून ठेवली होती. पण पोरं काही ठरवून येत नाहीत. भर सकाळी, सगळा पाडा कापणीला गेलेला असताना पारूला कळा सुरू झाल्या, आणि त्या अशा जोरानं, की डोली उचलायला अवकाश राहिला नाही.

गोजाबाई धावत अंगणात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. सुया, गोळ्या चालूच होत्या. अजून डॉक्टरनं बरं झाल्याचं सांगितलं नव्हतं.

"माघ्या, रंगूला आन."

"ती यायची नाय, आये."

"तिची प्लेट काळी हाय. जिची प्लेट काळी तीच आत जाईल. आन तिला."

रंगू आली, हातात विळा तसाच. अंगणात येऊन ती गोजाबाईकडे न बघता म्हणाली, "तुझ्यासाटी नाय आलो." आणि विळा टाकून, हात धुऊन आत गेली.

गोजाबाई बाहेर कुडाला लागून उभी राहिली, तोंडावर फडकं घट्ट बांधून. कामट्यांच्या फटीतून तिला सगळं दिसत होतं. ती बाहेरून सांगत होती, रंगू आत करत होती. पोर आलं. मुलगी होती. ती रडली नाही. निळी, सुजरी, मऊ पडून राहिली.

"गोजाबाय," आतून रंगू घाबरून ओरडली, "ही हलत नाय!"

"आत्या!" पारू ओरडली. "आत या! तुम्ही या!"

दार तीन पावलांवर होतं. गोजाबाईचं सगळं अंग आत धावत होतं. जन्मभर हेच तर केलं होतं तिनं, झोपेतही जमलं असतं. तिनं दाराच्या लाकडी मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारली, जशी पूर आलेल्या ओहोळात दोराला मारायची.

"रंगू! ऐक माझं. बोटाला फडकं लाव. तोंडातला चिकटा काढ. काढलास? मान थोडी मागं. आता तुझं तोंड तिच्या नाकातोंडावर. जोरानं नाय! गालात मावंल तेवढाच वारा. दे. सोड. छाती उचलली का?"

"नाय."

"दे पुन्ना. गालातलाच वारा. दे. सोड."

रंगूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपल्या सोनीच्या तोंडाला तोंड लागलेलं तिनं पाहिलं होतं. तेच आता ती करत होती. पण तिनं फुंक चुकवली नाही. पुन्हा दिली. पुन्हा.

पोर शिंकलं. मग एक बारीक, चिरका, रागावलेला टाहो कुडातून बाहेर आला. गोजाबाई मेढ धरूनच खाली बसली.

"आत्या, बघायला या ना," पारू आतून म्हणाली. तिचा आवाज रडका होता, पण त्यात बैठकीतल्या त्या नजरेतला परकेपणा नव्हता.

"नाय," गोजाबाई म्हणाली. "माझी प्लेट काळी झाल्यावर." आणि उठून खोपटाकडे गेली.

ती प्लेट काळी व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. डॉक्टरनं जुनी आणि नवी अशा दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी लावल्या. बिळासारखा गोल बुजला होता. पांढऱ्याच्या जागी एक बारीक रेघ उरली होती, जखमेच्या व्रणासारखी. थुंकीही स्वच्छ आली होती. "आता घरात राहा," डॉक्टर म्हणाला. "नातीला घ्या. पण ती फुंक मात्र..."

"ती रंगू देते आता," गोजाबाई म्हणाली. "नि मानाची फुंक बंद केलीय मी. रडलेल्याला फुंक कशाला?"

ती चढण चढून आली तेव्हा पारू उंबऱ्यावर पोरीला घेऊन बसली होती. ती उठली आणि तिनं पोरीला सासूच्या हातात दिलं. पोरगी जड होती, टकमक बघणारी. आजी म्हणून तिनं या बाईला कधी जवळून पाहिलंच नव्हतं. तिचं तोंड वाकडं झालं आणि तिनं असं भोकाड पसरलं, की ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या. पारू तिला परत घ्यायला पुढे झाली.

गोजाबाईनं पोरीला सोडलं नाही. दीड वर्षाच्या सवयीनं मान दुसऱ्या बाजूला वळवून, डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत ती म्हणाली, "रडू दे तिला. रड गं बाय, रड. चांगला दम हाय तुझ्यात."